छातीतली कळ आणि कागदावरची रेघ



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, संतवाङ्मय, राजकारण अशा विषयांवर बोलायला विद्वान मंडळी येतात. त्या मालिकेत एका परिचारिकेला बोलावून छातीतल्या दुखण्यावर बोलायला सांगावे, याचे काहींना नवल वाटेल. मला मात्र यात एक जुने नाते दिसते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्याच्या सेवासदनाची धुरा उचलली. घरंदाज बाईने परक्या रोग्याला हात लावणे समाजाला रुचत नव्हते, अशा त्या दिवसांत सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले. तेव्हा हे व्यासपीठ न्यायमूर्तींच्या परंपरेतले आणि माझा व्यवसाय रमाबाईंच्या. एकाच घरातून निघालेल्या या दोन गोष्टींची आज आपल्या वसईत गाठ पडत आहे, असे मी समजते.

मला जे सांगायचे आहे ते आरंभीच सांगून टाकते. छातीत दुखू लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, त्यातला मोठा भाग रुग्णालयात जात नाही. तो घरात आणि वाटेत जातो. आणि रुग्णालयाच्या दारात पाऊल पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत जे व्हायला हवे, ते बहुतेक वेळा परिचारिकेच्या हातून होते. घराने आपला वेळ वाचवावा आणि परिचारिकेला तिची दहा मिनिटे नीट वापरू द्यावीत, एवढीच आजच्या व्याख्यानाची मागणी आहे.

ही मागणी मी उगाच करीत नाही. आपल्या देशातील हृदयविकाराच्या झटक्याच्या रोग्यांची एक मोठी पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ती ‘क्रिएट’ या नावाने ओळखली जाते. ५० शहरांतील ८९ रुग्णालये आणि २०,४६८ रोगी तिच्यात होते. रोग्यांचे सरासरी वय साडेसत्तावन्न वर्षे. म्हणजे घरातला कर्ता माणूस. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतच्या वेळाचा मध्यक निघाला ३६० मिनिटे. सोप्या भाषेत सांगायचे तर निम्म्या रोग्यांना सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला. आणि रुग्णालयात पोहोचल्यापासून गुठळी विरघळवणारे औषध सुरू होईपर्यंतचा वेळ किती? ५० मिनिटे. एकीकडे सहा तास, दुसरीकडे पाऊण तासाहून थोडा अधिक. डॉक्टर उशिरा आले, सिस्टरने लक्ष दिले नाही, अशी तक्रार आपण करतो. कधी ती खरीही असते. पण सहा तासांचा हिशेब आपण कोणाकडे मागायचा?

या सहा तासांत हृदयात काय घडत असते ते पाहू. हृदय हा एक स्नायू आहे. तो साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, पण त्याचे स्वतःचे पोषण त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतून होते. या वाहिन्यांच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. वाट अरुंद होते. माणूस स्वस्थ बसला असेल तर तेवढे रक्त पुरते. श्रम केले की कमी पडते आणि छातीत दुखते. विसावा घेतला की दुखणे थांबते. लंडनच्या विल्यम हेबर्डन या वैद्याने १७६८ साली या दुखण्याचे वर्णन केले, तेव्हा चढ चढताना, विशेषतः जेवणानंतर, ते येते आणि उभे राहिले की जाते, हेच त्याने टिपले होते. त्याला आपली जीवदानीची टेकडी ठाऊक नव्हती. पण विरारकरांना ती ठाऊक आहे. जो भाविक मागच्या वर्षी एका दमात गडावर जात होता, त्याला यंदा ठरावीक पायऱ्या चढल्या की छातीत आवळल्यासारखे होते, कठड्याला टेकून उभा राहिला की बरे वाटते, आणि पुन्हा तेवढ्याच पायऱ्यांनी पुन्हा तेच होते. हा हृदयशूल. स्टेशनचा पूल चढताना, भाजीची पाटी उचलताना, सायकल दामटताना तो असाच भेटतो. याला ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. ही शरीराने आधी पाठवलेली नोटीस आहे.

झटका निराळा. अरुंद झालेल्या वाहिनीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट अकस्मात बंद होते. मग विसाव्याने भागत नाही. सुमारे अर्ध्या तासात त्या भागातला स्नायू मरू लागतो आणि पुढच्या काही तासांत त्यातला बराचसा मरून जातो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. गुठळी औषधाने विरघळवली किंवा तारेवरून फुगा नेऊन वाट मोकळी केली, तर वाचतो तो त्या क्षणी जिवंत असलेला स्नायू. म्हणून आमच्या शास्त्रात म्हणतात की वेळ म्हणजेच स्नायू.

आता रोगी रुग्णालयात आला आहे असे समजा. कॅज्युअल्टीत सिस्टर पुढे येते. ती काय पाहते? तोंड उघडायच्या आधीच ती चेहरा पाहते: पांढुरका पडला आहे का, कपाळावर घाम आहे का. हात हातात घेते: गार आणि ओलसर आहे का. नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, रक्तातील प्राणवायू हे मोजते. आणि मोजता मोजता विचारते. इंग्रजीत शिकणाऱ्या परिचारिकांना हे प्रश्न पी, क्यू, आर, एस, टी या पाच अक्षरांवर बसवून शिकवतात. मराठीत त्यांना माझ्या मते अधिक चांगला आधार आहे: पाच ‘क’. कुठे, कसे, कशाने, किती आणि केव्हापासून.

कुठे दुखते? या प्रश्नाला रोगी तोंडाआधी हाताने उत्तर देतो. एका बोटाने नेमकी जागा दाखवणारा माणूस आणि छातीच्या मधोमध मूठ किंवा सारा तळहात ठेवणारा माणूस, यांत दुसऱ्याची काळजी आम्हाला अधिक वाटते. मग ते दुखणे डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, मानेत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाते का, हे विचारायचे.

कसे दुखते? आपल्या बोलीत यासाठी किती शब्द आहेत! भरून आले, आवळते, धोंडा ठेवल्यासारखे वाटते, कळ येते, चमक मारते, टोचते, जळजळते, धडधडते. सिस्टरने हे शब्द आहेत तसे लिहून घ्यावेत. ‘धोंडा ठेवल्यासारखे’ या बोलाचे ‘छातीत दुखते’ असे भाषांतर केले की त्यातला अर्थ निघून जातो. दाब, भार, आवळणे हे हृदयाच्या बाजूचे शब्द. सुईसारखी क्षणभर चमक, दाबल्यावर तेवढ्याच जागी दुखणे हे बहुधा बरगडी किंवा स्नायूचे. छातीच्या एका अंगाला पट्ट्यासारखी आग होते आणि दोन दिवसांनी पुटकुळ्या उठतात, ती नागीण. आणि छातीतून पाठीत फाडत गेल्यासारखी एकदम आलेली कळ हे तर फार गंभीर लक्षण. मोठ्या धमनीचा पदर फाटल्याची शंका घेऊन दोन्ही हातांचा रक्तदाब पाहायचा असतो.

कशाने वाढते, कशाने कमी होते? चालण्याने वाढते की दीर्घ श्वास घेतल्याने? पुढे वाकून बसले की बरे वाटते का? मात्र इथे एक सापळा आहे. सोडा घेतला, ढेकर आली, बरे वाटले. म्हणून तो गॅसच होता असे सिद्ध होत नाही. तसेच जिभेखालच्या गोळीने बरे वाटले म्हणून ते हृदयाचेच होते असेही सिद्ध होत नाही.

किती दुखते? शून्य ते दहा या मापात सांगा, असे आम्ही विचारतो. जुन्या माणसाला हे माप परके वाटते. त्याला विचारावे, ‘बाबा, सोळा आण्यांत किती आणे दुखतंय?’ तो चटकन सांगतो, ‘बारा आणे.’ अर्ध्या तासाने पुन्हा त्याच मापात विचारले की उतार पडला की नाही ते कळते. पण ध्यानात ठेवा, कमी दुखते म्हणजे धोका कमी, असे गणित नाही.

शेवटचा प्रश्न, केव्हापासून? याचे उत्तर घड्याळाचे हवे. ‘रात्रीपासून’ हे उत्तर नव्हे. ‘रात्री साडेनऊला, जेवून उठताना’ हे उत्तर. कोणता उपचार अजून उपयोगी पडेल हे त्या वेळेवर ठरते. घरच्या मंडळींनी दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, पण ही वेळ लक्षात ठेवावी.

आणि काही वेळा छातीत दुखतच नाही! स्त्रियांत, वृद्धांत, मधुमेह असलेल्यांत नुसता दम लागणे, दरदरून घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, अचानक हातपाय गळून जाणे, एवढ्यावरच झटका येऊन जातो. घरातली बाई ‘मला कसंतरीच होतंय’ म्हणते आणि पुन्हा चुलीशी उभी राहते. तिच्या ‘कसंतरीच’चा अर्थ लावायला कोणी बसत नाही. भगिनींनो, हे वाक्य मी खास तुमच्यासाठी बोलते आहे.

या पाच प्रश्नांच्या जोडीने ईसीजी काढायचा. जुनी माणसे त्याला कार्डिओग्राम म्हणतात. रोगी आल्यापासून दहा मिनिटांच्या आत तो निघावा आणि जाणत्या डोळ्यांखालून जावा, असा आज जगभरचा दंडक आहे. ही रेघ आली कुठून, हेही ऐकण्यासारखे आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सूक्ष्म वीज निर्माण होते. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या शरीराच्या पृष्ठभागावरून ती प्रथम नोंदवली. ते आपल्या जिमी नावाच्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून हा प्रयोग लोकांना करून दाखवीत. पुढे हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला काचतंतूसारखा बारीक धागा ताणून या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी, १९०१ ते १९०३ या काळात, असे यंत्र सिद्ध केले की त्यातून स्वच्छ रेघ मिळू लागली. त्या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते, आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रोगी रुग्णालयात आणि यंत्र दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत. तेव्हा त्यांनी टेलिफोनच्या तारेतून हृदयाची वीज आणली. रेघेवरच्या उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे त्यांनीच दिली, आणि १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच यंत्र परिचारिका एका हातात उचलून नेते.

आता ही पट्टी आपण मिळून वाचू. कागदावर बारीक चौकटी असतात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणून एक बारीक चौकट म्हणजे ०.०४ सेकंद, पाच बारीक चौकटींची एक मोठी चौकट म्हणजे ०.२० सेकंद, पाच मोठ्या चौकटी म्हणजे एक सेकंद. दोन उंच टोकांच्या मधल्या मोठ्या चौकटी मोजा आणि ३०० ला त्या संख्येने भागा. चार चौकटी असतील तर मिनिटाला ७५ ठोके. नियमित चालणाऱ्या हृदयाची गती अशी शाळकरी मुलालाही काढता येते.

ठोका सुरू होतो तो हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील एका छोट्या केंद्रातून. वरचे कप्पे आकुंचन पावण्यापूर्वी वीज त्यांच्यातून पसरते. कागदावर छोटा गोल उंचवटा उठतो, तो पी. मग वीज क्षणभर थबकते, रेघ सपाट. मग ती खालच्या मोठ्या कप्प्यांत झपाट्याने शिरते. उंच टोकदार सुळका उठतो, ते क्यू-आर-एस. शेवटी खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होतात. रुंद उंचवटा उठतो, तो टी. एस संपल्यापासून टी सुरू होईपर्यंतचा जो तुकडा, तो निरोगी माणसात साधारणतः मूळ रेघेच्या पातळीवर असतो. आमचे सारे लक्ष त्या तुकड्यावर असते. वाहिनी पूर्ण बंद होऊन स्नायू गुदमरू लागला की हा तुकडा वर उचलला जातो. रक्त अपुरे पडत असेल तर तो खाली दबू शकतो, किंवा टी उलटा होऊ शकतो.

पण एकाच रेघेवर भागत नाही, म्हणून बारा रेघा काढतात. याचे कारण वसईकरांना सांगायला सोपे आहे. १७३९ साली चिमाजीआप्पांच्या फौजेने सुरुंग लावून वसईच्या किल्ल्याच्या तटाला जमिनीकडच्या अंगाने भगदाड पाडले. त्या वेळी समुद्रातून किल्ल्याकडे पाहणाऱ्याला तट शाबूतच दिसला असता. भगदाड पाहायचे तर त्या बाजूला जायला हवे. बारा रेघा म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणे. दोन, तीन आणि एव्हीएफ या रेघा हृदयाचा तळ पाहतात. छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-४ समोरची भिंत आणि मधला पडदा. एक, एव्हीएल, व्ही-५ आणि व्ही-६ डावी बाजू. शेजारशेजारच्या दोन रेघांत तो तुकडा उचललेला दिसला की कोणत्या बाजूचा तट ढासळतो आहे ते कळते. तळाचा झटका दिसला तर सिस्टर छातीच्या उजव्या बाजूलाही तार लावून पाहते. कारण उजवा कप्पा सापडला असेल तर जिभेखालच्या गोळीने रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्याला देऊ नये, ती यासाठी.

हे सारे खरे ठरते ते तारा योग्य जागी लागल्या तर. व्ही-१ उरोस्थीच्या उजव्या कडेला चौथ्या बरगडीखालच्या फटीत, व्ही-२ तिथेच डावीकडे, व्ही-४ पाचव्या फटीत हंसळीच्या हाडाच्या मध्यापासून खाली येणाऱ्या रेषेवर. बोटभर वर लावली तरी चित्र बदलते, आणि नसलेला रोग दिसतो किंवा असलेला लपतो. म्हणून सिस्टर बोटांनी बरगड्या मोजते. त्यासाठी छाती उघडी करावी लागते. इथे आपल्याकडे अडते. बाई संकोचते, सोबतचे पुरुष ‘कपड्यावरूनच काढा’ म्हणतात. पडदा ओढून घेणे, बाहेरच्यांना बाहेर करणे, चादर देणे हे आमचे कर्तव्य आहे आणि ते मागून घेण्याचा तुमचा हक्क आहे. मंगळसूत्र काढावे लागत नाही, बाजूला सरकवले की पुरते. पण लाजेपायी रेघ चुकीची निघावी आणि त्या रेघेवर जीव तोलला जावा, हे कोणत्याही कुलाचाराला शोभणारे नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे हृदय सुटले, असे नाही. झटक्याच्या आरंभी रेघ निरोगी दिसू शकते. म्हणून दुखणे चालू असेल तर पहिल्या तासात दर पंधरा ते तीस मिनिटांनी पट्टी पुन्हा काढतात, आणि स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिन या द्रव्याची तपासणी काही तासांच्या अंतराने पुन्हा करतात. ‘एकदा काढला ना, पुन्हा कशाला? बिल वाढवायला?’ असे प्रश्न आम्हाला रोज ऐकावे लागतात. बंधूंनो, बिलाविषयी विचारायचा तुम्हाला अधिकार आहे; पण दुसरी पट्टी हा त्यातला खोटा खर्च नव्हे. कागद निर्दोष आणि माणूस घामाघूम, अशा वेळी परिचारिकेने माणसावर विश्वास ठेवायचा असतो. कागद आणि माणूस, दोन्ही वाचता आले पाहिजेत.

हा वाचण्याचा अधिकार परिचारिकेला सहज मिळालेला नाही. एके काळी रेघेचा अर्थ लावणे हे केवळ डॉक्टरांचे काम मानले जाई. झटका आलेला रोगी साध्या वॉर्डात पडून असे आणि कित्येकदा रात्री अचानक दगावे. हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरू लागे. १९६० साली अमेरिकेत कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे दाखवले. विजेच्या धक्क्याने थरथर थांबवता येते हेही ठाऊक झाले होते. पण धक्का काही मिनिटांत द्यायला हवा, आणि डॉक्टर तर अर्ध्या तासावर! १९६१ साली डेझमंड ज्युलियन यांनी अशा रोग्यांना एकत्र ठेवून अखंड नजर ठेवावी, अशी कल्पना मांडली. १९६२ साली कॅन्सस सिटीत ह्यूज डे यांनी असा कक्ष उघडला. त्याच सुमारास फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर यांनी रोझ पिनिओ या परिचारिकेच्या साथीने सारा कक्षच परिचारिकांच्या डोळ्यांवर उभा केला. त्यांनी परिचारिकांना रेघ वाचायला शिकवले आणि डॉक्टरची वाट न पाहता धक्का देण्याचा अधिकार दिला. १९६५ साली त्यांचे परिचारिकांसाठीचे पुस्तक निघाले. १९६७ साली न्यूयॉर्कच्या किलिप आणि किंबॉल यांनी आपल्या रुग्णालयाचे आकडे मांडले: रक्तदाब कोसळून शॉकमध्ये न गेलेल्या रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण साध्या वॉर्डात शेकडा २६ होते, ते अशा कक्षात शेकडा ७ वर आले. रोग तोच होता. फरक पडला तो अखंड पहाऱ्याने, आणि पहाऱ्यावरच्या बाईला हात उचलण्याची मुभा मिळाल्याने.

आता आपल्या गावाकडे वळते. २००९ साली आपली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. वाड्या कमी झाल्या, इमारती वाढल्या. पण दुखणे आले की अजून आपल्या तोंडी पहिले वाक्य येते, ‘मुंबईला नेऊ.’ या वाक्यात आपुलकी आहे. पण खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या रोग्याचा स्नायू आपुलकीवर जगत नाही. अर्नाळ्याच्या किल्ल्यासारख्या बेटावरच्या वस्तीला तर आधी पाणीच ओलांडायचे असते. म्हणून आधी जिथे ईसीजी निघतो आणि गुठळी विरघळवणारे औषध देता येते, अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी जा. फुग्याचा उपचार दोन तासांच्या आत होणार नसेल, तर ते औषध अर्ध्या तासात सुरू करून मग पुढे पाठवणे हाच मान्य मार्ग आहे. कोणत्या रुग्णालयात काय होते, ही चौकशी आज, घरात सारे धडधाकट असताना करून ठेवावी.

दुखणे आले की काय करावे? हातातले काम टाकून बसावे. रोग्याने जिना उतरू नये. लिफ्ट नसेल तर खुर्चीवर बसवून उतरवावे. स्कूटर चालवीत त्याने स्वतः दवाखाना गाठू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात व्रण किंवा रक्तस्राव नसेल, तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची एक ॲस्पिरिन चावून घ्यावी. मात्र कळ पाठीत फाडत गेल्यासारखी असेल किंवा अर्धांगाची लक्षणे असतील, तर ती घेऊ नये. विरार लोकलमध्ये दुखू लागले तर ‘आता वसई येईलच’ म्हणून दांडीला लोंबकळत राहू नये. शेजाऱ्याला सांगावे, पुढच्या स्टेशनात उतरून स्टेशनमास्तरांना गाठावे. आणि माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत दाबत राहावे. कांदा हुंगवण्यात आणि पाणी पाजण्यात वेळ घालवू नये.

या साऱ्यात एक अडचण उरते, ती पैशाची नाही की यंत्राची नाही. ती संकोचाची आहे. ‘उगाच नेले आणि काहीच निघाले नाही तर? लोक हसतील.’ माझ्या व्यवसायाच्या वतीने मी आपल्याला सांगते: छातीत दुखून आलेला आणि काही न निघता घरी परतलेला रोगी आमच्या दृष्टीने वाया गेलेली फेरी नव्हे. तो आमच्या दिवसातला चांगला क्षण असतो. आम्हाला जड जाते ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर. ‘केव्हापासून दुखत होते?’ असे विचारल्यावर सोबतची मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि हळूच म्हणतात, ‘संध्याकाळपासून, सिस्टर. सकाळी आणणार होतो.’ ते वाक्य आमच्या गावातून जितके कमी ऐकू येईल, तितके आजचे हे बोलणे कारणी लागले असे मी मानीन.